वहीतले वऱ्हाड

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो. वहीचा हा मान पेढीपुरता असतो तोवर ठीक. पण एके काळी वऱ्हाडचे राज्यच वहीत जाऊन बसले होते. कंपन्यांनी सरकारे गिळल्याच्या कल्पित कथा आज चवीने वाचल्या जातात. खामगावकरांच्या खापरपणजोबांना त्यांत नवल वाटले नसते.

निजामाचे कारभारी चंदूलाल कर्ज काढण्यात मोठे वाकबगार. प्रथम हैदराबादच्या पामर कंपनीने फौजेच्या पगाराला पैसा पुरवला आणि बदल्यात वऱ्हाडचा वसूल स्वतःकडे लावून घेतला. ती बुडाली, तेव्हा पूरणमल सावकार आला. १८३९ साली तोही गेला आणि मुलूख पेस्तनजी मेहरजींच्या पारशी पेढीच्या हाती पडला.

पेस्तनजींशी अन्याय नको. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला प्रथम नेला तो याच पेढीने. तिने कापसावर आगाऊ रकमा दिल्या, खामगावला गाठी दाबण्याची यंत्रे बसवली. औरंगाबादच्या टांकसाळीतल्या नाण्याला तर लोक ‘पेस्तनशाही’ म्हणू लागले. राजा निजाम, रुपया पेस्तनजींचा! पण आगाऊ रक्कम देणारा तोच, कापूस घेणारा तोच आणि सारा वसूल करणाराही तोच, तर भाव पडला म्हणून कुणब्याने कोणाच्या दारात जावे? वर सरकार होते खरे, पण ते स्वतःच पेढीचे ऋणको!

१८४३ साली चंदूलाल पायउतार झाले. नव्या कारभाऱ्यांनी पेढीकडे हिशेब मागितला आणि १८४५ मध्ये तिला बळाने हुसकावून लावले. पेढीजवळ फौज नव्हती, म्हणून हे जमले.

दुसऱ्या सावकाराजवळ ती होती. ईस्ट इंडिया कंपनी निजामाच्या नावाने कंटिंजंट फौज बाळगी आणि खर्च त्याच्या खाती मांडी. थकबाकी अर्ध्या कोटीच्या घरात गेली. १८५३ च्या मे महिन्यात तह झाला. धाराशिव आणि रायचूर दुआबासह वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. उत्तर वऱ्हाडचे ठाणे बुलढाण्याला बसले. म्हणजे बुलढाण्याचा पहिला इंग्रज अंमलदार राणीचा नव्हे, एका व्यापारी कंपनीचा नोकर होता.

१८५८ साली कंपनीचे राज्य संपून राणीचे आले. १८६० च्या तहात निजामाचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूरही परत मिळाले. कर्ज फिटले, तारण मात्र सुटले नाही. १९०२ साली वऱ्हाडचा कायमचा मक्ता ठरला : वर्षाला २५ लाख रुपये.