डॉलरची कमाई आणि रुपयाचे घरभाडे

बंगळूर शहराची एकदा रोख किंमत ठरली होती. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या पश्चात व्यंकोजीराजांनी तंजावरास बस्तान हलविल्यावर इतक्या दूरचे ठाणे सांभाळणे जिकिरीचे झाले, आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांत सौदा ठरला. मधेच मोगल सरदार कासिमखानाने शहरावर ताबा मिळविला. तरी अखेरीस १६८७ मध्ये तेवढ्याच रकमेला ते म्हैसूरकडे गेले. आज तेथे तीस हजार भाड्याचा फ्लॅट जुन्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांची अनामत देऊन घ्यावयाचा झाला तर तीनच लाख मोजावे लागतात. रुपयाचे मूल्य बदलले हे खरे, तरी हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

शहर महाग का झाले, याचे एक तयार उत्तर सर्वांच्या तोंडी असते: संगणक आले, परदेशी कंपन्या आल्या, डॉलर आले आणि भाव चढले. पुणे-नागपूरकडून नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या मंडळींनाही हेच उत्तर पटलेले दिसते. मला ते अपुरे वाटते. परदेशी पैसा हे निमित्त होते. पण त्याआधीच्या शहरात घर हा पगाराचाच एक भाग होता, आणि नंतरच्या शहरात तो पगारातून वगळला गेला, ही खरी उलथापालथ आहे. ती समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना उभा केला. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जागा दिली, संस्थानाने भांडवलही घातले. हाच पुढे सरकारी मालकीचा एचएएल झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये टेलिफोन बनविणारा आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स अशी रांगच लागली. या कारखान्यांबरोबर वसाहती आल्या. जालहळ्ळी, दूरवाणीनगर ही नावे त्याच काळातली. कामगाराला क्वार्टर, कारखान्याची बस, स्वस्त उपाहारगृह, दवाखाना, मुलांना शाळा. ज्यांना क्वार्टर मिळत नसे ते गृहनिर्माण सोसायटीत नाव घालीत, किंवा विकास प्राधिकरणाच्या भूखंडासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहत. भूखंड मिळे तो ठरावीक दराने, दहा वर्षे विकता येणार नाही या अटीवर. रोख पगार बेताचा असे, परंतु त्या पगाराला बाजारातील घरभाड्याशी झुंजावे लागत नसे.

येथे एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. शहराच्या लोकसंख्येची १९५१ नंतरची, टक्केवारीने, सर्वांत मोठी दशवार्षिक उडी संगणकयुगातली नव्हे. १९७१ मध्ये साडेसोळा लाखांच्या आसपास असलेले बंगळूर १९८१ मध्ये एकोणतीस लाखांवर गेले. ही वाढ ७६ टक्के. हद्दवाढीचाही त्यात वाटा होता, तरी कारखाने आणि त्यांच्यामागून आलेले छोटे उद्योग हे मुख्य कारण. म्हणजे माणसे येऊनच शहर महाग होते असे म्हणावे, तर ते तेव्हाच व्हावयास हवे होते. भाव तेव्हाही चढलेच. १९८० च्या डिसेंबरात या सरकारी कारखान्यांतील कामगार संपावर गेले आणि तो संप ७७ दिवस चालला. मागणी होती भेलच्या कामगारांइतक्या वेतनाची. संप फारसे काही न मिळता मिटला. पण त्या संपकऱ्यांच्या डोक्यावर कंपनीचे छप्पर होते, हे विसरून चालणार नाही.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळुरात आपले केंद्र काढले आणि उपग्रहामार्फत काम परदेशी धाडण्यास सुरुवात केली. होसूर रस्त्यावर कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर येथे १९७८ पासून कर्नाटक सरकारच्या महामंडळाने राखलेली ३३२ एकरांची इलेक्ट्रॉनिक्स सिटी तयारच होती. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, आणि त्याच जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर एकवीस रुपयांच्या आसपास होता तो सव्वीसच्या घरात गेला; २००२ पर्यंत अठ्ठेचाळीसच्या पुढे पोहोचला.

हा विनिमयदर घरभाड्याच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. त्या दशकात देशातील किंमतीही साधारण दुप्पट झाल्या. परंतु ज्याचे बिल डॉलरमध्ये निघते, त्याला महागाईची भरपाई विनिमयदरातूनच आपोआप मिळत जाते. ज्याचा पगार रुपयात ठरतो त्याला मात्र ती मागून घ्यावी लागते: वेतन आयोगाकडे, किमान वेतन समितीकडे, मालकाकडे. केंद्र सरकारी नोकरांना बंगळूरसाठी घरभाडे भत्त्याची सर्वोच्च श्रेणी, म्हणजे ३० टक्के, बरीच उशिरा मिळाली. भाडी चढून तोवर दशक उलटले होते. तरी नोकरशहांची कड मी घेणार नाही. आम्हाला उशिरा का होईना, मिळते.

ज्यांना मिळत नाही त्यांच्याकडे वळतो. डॉलर मिळविणारा बंगळुरात एकच धंदा नाही. तयार कपड्यांचा धंदाही निर्यातीवरच चालतो, आणि त्याचेही बिल डॉलरमध्येच होते. मंड्या, रामनगर, हासन अशा भागांतून आलेल्या लाखो स्त्रिया तेथे शिवणयंत्रावर बसतात. गिरण्यांचा आणि सरकारी कारखान्यांचा पडता काळ आणि या शिवणकारखान्यांचा चढता काळ जवळपास एकच. यांना क्वार्टर नाही. मालकाला मिळणारा विनिमयदराचा लाभ त्यांच्या पगारात उतरत नाही, कारण त्यांचा पगार राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेने ठरतो आणि महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो.

या निर्देशांकाविषयी दोन शब्द. औद्योगिक कामगारांसाठीच्या २००१ च्या मालिकेत, अखिल भारतीय पातळीवर, घराचे वजन सुमारे १५ टक्के धरलेले होते. २०१६ च्या मालिकेत ते १७ च्या जवळ आले. भाड्याची पाहणी सहा महिन्यांतून एकदा होते, आणि स्वतःच्या व सरकारी घरांत राहणारेही त्या सरासरीत येतात. आकडेशास्त्राच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. पण गावाहून नुकत्याच आलेल्या, एका खोलीत तिघी-चौघींनी राहणाऱ्या बाईला नव्या भाड्याने खोली घ्यावी लागते, सरासरी भाड्याने नव्हे. तिच्या पगारातून भाड्यापोटी जाणारा हिस्सा निर्देशांकातल्या हिश्शाहून बराच मोठा असतो. खोली तरी कशी? कन्नडमध्ये जिला वठार म्हणतात, ती आपल्या चाळीची बैठी बहीण. रांगेने खोल्या, मध्ये सामायिक नळ. ज्यांच्याजवळ थोडी पुंजी असते ते ‘भोग्य’ पद्धतीने घर घेतात, म्हणजे एकरकमी ठेव द्यावयाची आणि भाडे द्यावयाचे नाही. मुंबईत याला हेवी डिपॉझिट म्हणतात. जुना १९६१ चा भाडेनियंत्रण कायदा जाऊन १९९९ चा नवा कायदा २००१ च्या अखेरच्या दिवशी अमलात आला. परंतु अकरा महिन्यांच्या करारावर चालणाऱ्या या बाजाराला जुना काय आणि नवा काय, कोणताच कायदा फारसा शिवला नाही.

मग प्रश्न येतो की शहरात आलेल्या या संपत्तीतून शहराला काय मिळाले? उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. सॉफ्टवेअर पार्कमधील निर्यात नफ्याला प्राप्तिकर कायद्याच्या कलम १० ए आणि १० बी खाली सूट होती, ती ३१ मार्च २०११ पर्यंत चालली. कर्मचाऱ्यांचा प्राप्तिकर केंद्राचा. राज्याला पगारावर थेट बसविता येतो तो व्यवसाय कर. परंतु घटनेच्या अनुच्छेद २७६ ने १९८८ पासून त्याची मर्यादा माणशी वर्षाला अडीच हजार रुपये ठेवली आहे. महाराष्ट्रातील नोकरदार दर फेब्रुवारीत पगारपत्रकावर जे तीनशे रुपये पाहतात, ते हीच मर्यादा गाठण्यासाठी. पगार वीस हजार असो वा वीस लाख, वर्षाला अडीच हजारांच्या वर नाही! मुद्रांक शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. शहराच्या हाती उरतो मालमत्ता कर, आणि तो कित्येक वर्षे निरीक्षक ठरवील त्या भाडेमूल्यावर चालला होता. १९९९ मध्ये मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली बंगळूर अजेंडा टास्क फोर्स नेमला. २००० मध्ये स्वयंमूल्यांकनाची योजना आली. वसुली सुधारली. नागरिकाने स्वतः आपला कर मोजावा ही कल्पना त्या काळात धाडसाचीच होती, आणि तिचे श्रेय द्यावयास हवे.

परंतु खरी कमाई पगारात नव्हती, नफ्यातही नव्हती. ती जमिनीत होती. उद्योगांसाठीचे भूसंपादन १९६६ च्या औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याने होत असे. शेतकऱ्याला मोबदला ठरे तो आजूबाजूच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून, आणि खरेदीखतात किंमत मुद्दाम कमी लिहिण्याची रीत, मुद्रांक वाचविण्यासाठी, आपल्या सर्व राज्यांत होतीच. म्हणजे शेजाऱ्यांनी चोरलेल्या मुद्रांकाचा दंड संपादनात सापडलेल्याने भरावयाचा. ज्याची जमीन संपादनाच्या रेषेबाहेर राहिली त्याने मात्र गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकले किंवा खोल्या बांधल्या. या ‘रेव्हेन्यू लेआउट’ना रस्ते नाहीत, गटारे नाहीत. महापालिकेने पुढे त्यांच्यासाठी ‘बी खाता’ असे वेगळे रजिस्टर ठेवले: कर घ्यावयाचा पण मालमत्ता नियमित मानावयाची नाही. गुंठेवारीचा अनुभव असलेल्या वाचकांना अधिक सांगणे नको. शहरात बाहेरून आलेल्या पैशाचा मोठा वाटा या जमिनीच्या किमतीत मुरला, आणि वाढलेल्या किमतीतील हिस्सा सार्वजनिक कामांसाठी गोळा करण्याचे धड साधन कोणाजवळच नव्हते. प्रशासनाची माझ्या मते हीच सर्वांत मोठी उणीव. उद्योगांना सवलती दिल्या याबद्दल टीका बरीच होते. जमिनीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण तीत सर्व पक्षांचे हितसंबंधी आहेत.

होसूर रस्त्यावर हे सारे एका दृष्टिक्षेपात दिसते. २०१० च्या जानेवारीत तेथे सुमारे दहा किलोमीटरचा उन्नत मार्ग खुला झाला. टोल भरून मोटारी थेट इलेक्ट्रॉनिक्स सिटीकडे जातात. त्याच्या खाली बोम्मनहळ्ळी लागते, आणि तेथे कपड्यांचे कारखाने आहेत. दोन्हीकडे डॉलरच कमावला जातो.

१८ एप्रिल २०१६ रोजी या खालच्या रस्त्यावर स्त्रिया उतरल्या. केंद्र सरकारने त्याच वर्षी भविष्यनिर्वाह निधीचा नियम बदलला होता: नोकरी सुटल्यावर कामगाराला स्वतःचा वाटा काढता येईल, मालकाचा वाटा मात्र ५८ व्या वर्षापर्यंत अडकून राहील. कागदावर हा विचार म्हातारपणाच्या काळजीचा. पण ज्या बाईला भोग्याची ठेव, मुलीची फी किंवा आजारपण यांसाठी दुसरीकडून पैसा उभा करता येत नाही, ती नोकरी सोडून तोच निधी काढते आणि दुसऱ्या कारखान्यात पुन्हा लागते. निधी हीच तिची पेढी. तो तिला म्हातारपणासाठी राखता येत नाही, कारण शहराने तिचा चालू पगार आधीच खाल्लेला असतो. कोणत्याही मोठ्या संघटनेने हाक दिली नव्हती. तरी हजारो स्त्रियांनी रस्ता अडविला, दुसऱ्या दिवशी आंदोलन तुमकूर रस्त्यापर्यंत पसरले, दगडफेक आणि लाठीमार झाला, बसगाड्या जळाल्या. १९ एप्रिलला केंद्राने नियम मागे घेतला.

राज्य शासनाने नंतर केलेल्या गोष्टींची दिशा पाहण्यासारखी आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इंदिरा कँटीन सुरू झाली, पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली स्त्रियांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. कारखान्याच्या उपाहारगृहाने आणि कारखान्याच्या बसने एके काळी जे दिले, तेच शासन आता करांतून देत आहे. मला या योजना उधळपट्टी वाटत नाहीत. मात्र तिसरी गोष्ट, म्हणजे क्वार्टर, त्या प्रमाणात परत आलेली नाही, आणि कमी पगाराच्या माणसाला सर्वांत जड जाते ती तीच.

पाण्याचेही असेच. कावेरीचे पाणी १९७४ पासून सुमारे शंभर किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंचीवर चढवून आणले जाते. ते येते तेथे ते बाजारभावाच्या मानाने फार स्वस्त आहे. २००७ मध्ये सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि ११० खेडी जोडून बृहत् महानगरपालिका झाली. कर लागला, खातेपुस्तके झाली, वठारे उठली. त्या ११० खेड्यांसाठीचा कावेरीचा पाचवा टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. मधली सतरा वर्षे तेथील बहुतेक घरे विंधनविहिरीवर आणि टँकरवर चालली, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्यावर टँकरचे दर ठरविण्याची वेळ जिल्हा प्रशासनावर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका झाल्या. विस्कटलेल्या बी खात्यांची रजिस्टरे आता त्या पाचांकडे वाटली गेली आहेत.