रंकाळ्याचे आकाश आणि बालचित्रकला

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेच्या पश्चिमेस रंकाळा व पूर्वेस कोटितीर्थ आहे. आकाशाचे रंग मुलांना शिकविण्यास याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. तथापि आपल्या शालेय चित्रकलेची घडण निराळ्या परंपरेत झाली. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनची पद्धती रुजली. तीत प्रथम रेषा, रंग मागाहून. त्या वळणाची छाया एलिमेंटरी व इंटरमीडिएट परीक्षांवर आजही आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे त्यांतील विषय. उघड्यावर बसून काढावयाच्या निसर्गचित्रास त्यांत स्थान नाही. आकाश येते ते स्मरणचित्रातील माणसांमागची निळी पट्टी म्हणून!

याच कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) मात्र कोल्हापूरच्या जलाशयांकाठी रमले. ते शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते. महाराजांच्या निधनानंतर, १९२२ मध्ये, त्यांनी आपली चित्रे कोटितीर्थात बुडविली अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणण्याचा प्रघात आहे. प्रकाशाविषयीची ओढ समान असली, तरी हे नाव जपून वापरावे. १८७४ मध्ये पॅरिसला प्रथम एकत्र आलेल्या मोने, पिसारो आदींनी तैलरंगाचे तुटक फटकारे शेजारी ठेवून प्रकाश साधला. आबालालांच्या जलरंगांत तो कागदाच्या पांढरेपणातून येतो.

हा भेद मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्या हाती जलरंगच असतात. सायंकाळी रंकाळ्याच्या काठी मुलास उभे केले, तर क्षितिजाजवळ आकाश फिकट व उबदार, माथ्यावर गडद निळे, ढगांच्या पोटाशी जांभळट असल्याचे त्याला आपोआप दिसते. पाण्यात तेच रंग किंचित मंद होऊन उतरतात. म्हणून ते पडताळताही येतात. मग पिवळा प्रथम, ओल्या कागदावर. निळा त्यावर फासला तर हिरवट चिखल होतो, हे एक कागद बिघडला की कळते.

व्हिएन्नात १८९७ मध्ये मुलांचा चित्रवर्ग काढणाऱ्या फ्रान्झ चिझेक यांचा आग्रह होता की, मुलाला प्रौढांच्या चित्रांची नक्कल करावयास लावू नये. मोनेचा सूर्योदय वा आबालालांची सायंकाळ वर्गात घोटवून घेतली, तर निळ्या पट्टीऐवजी केशरी पट्टी येईल, इतकेच. आषाढात रंकाळ्यावरचे आकाश दिवसचे दिवस करडे असते, आणि त्या करड्यातील छटा शोधणे हा सूर्यास्ताहून कठीण पाठ आहे.