रेव्होट्रॉन १.२ टर्बो
टाटा मोटर्सचे टर्बोचार्जर असलेले पेट्रोल एंजिन. २०१४ साली ‘झेस्ट’मध्ये आले ते चार सिलिंडरांचे, १,१९३ सीसीचे, ९० पीएस शक्तीचे. २०१७ च्या ‘नेक्सॉन’मधले तीन सिलिंडरांचे, १,१९८ सीसी, ११० पीएस व १७० न्यूटन-मीटर पीळ देणारे.

अशा टर्बोचे चक्र भरवेगात मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि त्याची बेअरिंगे एंजिन ऑइलवरच तग धरतात. समृद्धी महामार्गावरून भरवेगात जालन्यात उतरून लगेच एंजिन बंद केले, तर तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल करपते, काजळी धरते. पुढे बेअरिंगे झिजतात, धूर निळसर येतो. उन्हाळी धुळीने एअर फिल्टर तुंबतो, ओढ कमी होते. तीन सिलिंडरांची उभ्या गाडीतली थरथर मात्र बहुधा बिघाड नसते.