सोबत कांगारू अन् ५५ तास विमान हवेत! कोण होते कमांडर डेव्हिस? जाणून घ्या

समुद्रावर तासन्‌तास फिरून पाणबुड्या अन् संशयास्पद जहाजं हेरायची, हे नौदलाच्या गस्ती विमानांचं काम. गोव्यात दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' तळावरची पी-८आय विमानं हेच काम करतात. या क्षेत्रात अमेरिकी नौदलाचे थॉमस डेव्हिस यांचं नाव आजही घेतलं जातं.

काय होता विक्रम?
२९ सप्टेंबर १९४६. ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळून 'ट्रक्युलंट टर्टल', म्हणजे भांडखोर कासव, हे नेपच्यून जातीचं विमान उडालं. इंजिनं दोनच, इंधन मात्र ३० हजार लिटरहून जास्त. वजन इतकं की धावपट्टी सोडायला रॉकेटचा जोर लावावा लागला. त्या क्षणी एक इंजिन बंद पडलं असतं, तर चौघा वैमानिकांचं वाचणं अवघडच होतं. सोबत पाचवा पाहुणा होता, वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयासाठी भेट दिलेलं कांगारूचं पिल्लू!

वाटेत खराब हवामान लागलं, इंधन जास्त जळालं. वॉशिंग्टन गाठायचा हट्ट न धरता डेव्हिस यांनी ओहायोतल्या कोलंबसला विमान उतरवलं. ५५ तास १७ मिनिटांत अंतर कापलं १८,०८३ किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी पाच-सहा वेळा मोजावं तेवढं! हा विक्रम १९६२ पर्यंत टिकला. तोही मोडला तो आठ जेट इंजिनांच्या बी-५२ विमानाने.

जीव धोक्यात का घातला?
तेव्हा लांब पल्ल्याची विमानं कुणाकडं असावीत, यावरून नौदल अन् लष्कराच्या हवाई दलात रस्सीखेच सुरू होती. आपलं विमानही दूर जाऊ शकतं, हे नौदलाला दाखवायचं होतं.

पुढं काय झालं?
डेव्हिस रिअर अ‍ॅडमिरल झाले. ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्याची त्यांची सुटसुटीत कोष्टकं खलाशांच्या 'नॉटिकल अल्मनॅक' या पंचांगात छापली गेली.

१९८९ मध्ये मात्र ते वादात सापडले. रॉबर्ट पिअरी १९०९ मध्ये उत्तर ध्रुवावर खरंच पोहोचले होते, असा निष्कर्ष त्यांनी जुन्या फोटोंतल्या सावल्या अन् नोंदी तपासून काढला. अनेक जाणकारांना तो आजही पटलेला नाही. विमानाच्या विक्रमावर मात्र कुणी बोट ठेवत नाही. ते 'कासव' आता फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयात आहे.