एक रेणू, दोन नावं

मंडळी, आमच्या धंद्यात हे नेहमीचंच. दोन टीम दोन वेगळे बग शोधत बसतात आणि शेवटी कळतं की दोघांचा घोळ एकाच ओळीत होता. जीवशास्त्रात असाच एक घोळ झाला होता. फरक इतकाच की तिथे माणसांचे जीव टांगणीला होते.

पहिली टीम कर्करोगवाल्यांची. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या रुग्णाला चक्क जिवंत जंतू टोचले. जोराचा ताप आला की कधीकधी गाठ विरघळते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण का विरघळते? १९७५ मध्ये एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बीसीजी आणि मग जंतूंच्या कवचातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, टोचलं. त्या उंदरांच्या रक्तातला द्रव दुसऱ्या उंदरांना दिला, तर त्यांच्या गाठी काळ्या पडून मेल्या. त्या द्रवातल्या अज्ञात घटकाला नाव मिळालं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ. म्हणजे गाठ मारणारा. झकास!

दुसरी टीम रॉकफेलर विद्यापीठातली. अँथनी सेरामी यांना वेगळंच कोडं पडलं होतं. ट्रिपॅनोसोम या परजीवीची लागण झालेले प्राणी रक्तात परजीवी फारसे नसतानाही झिजून झिजून मरतात. ते कशामुळे? शरीर स्वतःच काहीतरी बनवत असणार. त्याला त्यांनी नाव दिलं कॅकेक्टिन, म्हणजे खंगवणारा.

आता खरी गंमत. १९८४ मध्ये जेनेंटेक कंपनीने मानवी टीएनएफचा जीन वेगळा करून ई. कोलाय जंतूत बसवला. जंतू मुकाट्याने माणसाचं प्रथिन बनवू लागला. सलग १५७ अमिनो आम्लांचा क्रम, म्हणजे सोर्स कोडच म्हणा ना, हाती आला. १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर आणि सेरामी यांनी आपल्या कॅकेक्टिनच्या सुरुवातीचा क्रम त्याच्याशी ताडून पाहिला. जुळला! गाठ मारणारा आणि खंगवणारा एकच निघाले.

तरी शंका उरतेच. मिसळलेल्या द्रवात दोष नेमका कोणाचा? इथे शुद्ध प्रथिन कामी आलं. १९८६ मध्ये केविन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना जंतू न देता नुसतं हे प्रथिन टोचलं, आणि जंतुसंसर्गात होतो तसाच शॉक बसला. कर्करोगाच्या रुग्णांवरही हेच अनुभवाला आलं. रक्तदाब इतका घसरायचा की पुरेसा डोस देताच येईना. पुढे १९९९ मध्ये युरोपात परवानगी मिळाली ती फक्त हातापायाचं रक्ताभिसरण तात्पुरतं तोडून, तिथल्या तिथे देण्यापुरती.

(जाता जाता: ई. कोलायच्या कवचातही एंडोटॉक्सिन असतं. म्हणून प्रयोगशाळांसाठी विकल्या जाणाऱ्या टीएनएफच्या कुपीसोबत त्याचं प्रमाणही नोंदवून देतात. नाहीतर परिणाम कोणाचा, हा जुना वाद पुन्हा सुरू!)

मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी (जन्म लुधियानाचा, १९३७) यांनी प्रश्न उलटा केला. आमवाताच्या सांध्यांत हाच टीएनएफ धुमाकूळ घालतो, तर त्यालाच अडवलं तर? १९९२ मध्ये त्यांनी रुग्णांना टीएनएफविरोधी अँटीबॉडी दिली. जखडलेले सांधे सैल झाले. १९९८ मध्ये अमेरिकेत अशी दोन औषधं बाजारात आली.

पण हा रेणू शरीराने उगाच ठेवलेला नाही. क्षयाच्या जंतूंना पेशींच्या गाठोड्यात कोंडून ठेवायला तोच लागतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणून माझ्या आत्याला हे इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी क्षयाची तपासणी करायला लावली. आपल्याकडे दबा धरून बसलेला क्षय किती जणांत असतो ते तुम्हाला माहीत आहेच. तुमच्या घरात कोणाला हे औषध सांगितलं असेल तर ती तपासणी टाळू नका.

आणि नाव? पहिलंच राहिलं. आज त्याला अडवणारी औषधं लाखो लोक घेतात, तरी पुस्तकात तो अजून ‘गाठ मारणारा’च आहे. एकदा कोडमध्ये घुसलेलं नाव कोण बदलतंय म्हणा!