प्लेगची पहिली साथ (१८९६–९८) व तत्कालीन लोकमत : कोल्हापूर आणि मुंबई इलाखा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात उद्‌भवलेल्या प्लेगच्या साथीने मुंबई इलाख्यात व त्याला लागून असलेल्या कोल्हापूरसारख्या संस्थानांत जी आर्थिक व राजकीय चर्चा सुरू झाली, तिला आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात विशेष महत्त्व आहे. रोगाचे निदान डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांनी केले. मराठी पत्रे त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत. लोकांच्या तोंडी ‘गाठीचा ताप’ हे नाव होते. रोगजंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लागला होता. परंतु उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो, हे पॉल ल्वी सीमाँ याने १८९८ मध्ये दाखविले. तोपर्यंत सरकारचा सर्व रोख माणसे, त्यांची घरे व सामानसुमान यांवर राहिला. पुढील वादाचे मूळ बऱ्याच अंशी या अज्ञानात आहे.

साथीचा पहिला आघात रोजगारावर झाला. मुंबईची वस्ती १८९१ च्या जनगणनेनुसार सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत तीपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. भागांतून आलेले कामगार गावी परतल्याने गिरण्यांत माणसे मिळेनाशी झाली. एरवी महिन्याची मजुरी पुढच्या महिन्यात बरीच उशिरा हाती पडे. आता मालक नाक्यानाक्यावर उभे राहून वाढीव दराने रोजच्या रोज रोकड मजुरी देऊ लागले. मजुरी महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावी, अशी मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभेत मांडली होती. ती बारा वर्षांत मालकांच्या गळी उतरली नव्हती. प्लेगने काही महिन्यांपुरती का होईना, तिच्याही पुढची मजल गाठली. दीनबंधु पत्राचे संपादक असलेले लोखंडे मात्र फेब्रुवारी १८९७ मध्ये याच साथीत मरण पावले. पुढच्याच महिन्यात पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला (१० मार्च १८९७). श्रमिकांच्या बाजूने बोलणारे आवाज असे साथीच्या आरंभीच थांबले. त्यानंतरच्या चर्चेत शहरी सुशिक्षितांचा आवाज मोठा आहे. कामगारांचे मत कळते ते त्यांच्या कृतींवरून. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली, ती अशीच एक कृती होय.

कोल्हापूर १८९१ पासून मिरजमार्गे लोहमार्गाने मुंबई-पुण्याशी जोडलेले होते आणि गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसविण्यात आली होती. त्यामुळे मुंबईची बाजारपेठ विस्कळीत होताच तिची झळ येथेही पोहोचणे अपरिहार्य होते. त्यातच १८९६-९७ चा दुष्काळ पडला. छत्रपती शाहू महाराज त्या वेळी अवघे २२ वर्षांचे असून त्यांना राज्याधिकार मिळून तीन वर्षेही झाली नव्हती. दरबाराने दुष्काळी कामे काढली, तगाई वाटली, स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि निराधारांसाठी आश्रम स्थापन केला. कामावरील स्त्रियांच्या मुलांचीही सोय केली. साथ आल्यावर लोकांनी गाव सोडून माळावर व शेतांत झोपड्या बांधून राहावे, यास उत्तेजन देण्यात आले. घर सोडलेल्या कुटुंबाने खावे काय, हा प्रश्न या व्यवस्थेत आधीच विचारात घेतला गेला होता. मुंबई सरकारच्या प्लेगविषयक उपायांत नेमकी हीच बाजू लंगडी होती.

ब्रिटिश मुलखात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला वाटेल तो तात्पुरता नियम करण्याची मुभा दिली व चौथ्या कलमाने त्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्यांबद्दल दावा लावण्याचा मार्ग बंद केला. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड याच्या प्लेग समितीने १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. केसरीची भूमिका येथे नीट पाहावयास हवी. रोग्यास वेगळे ठेवणे टिळकांना मान्य होते. त्यांनी शहर सोडले नाही, हिंदू प्लेग रुग्णालय उघडले आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. त्यांचा आक्षेप पद्धतीला होता. दुष्काळातही फॅमिन कोडाप्रमाणे सारामाफी मागणे हा रयतेचा हक्क आहे, असाच त्यांचा युक्तिवाद होता. या प्रचारामुळे सार्वजनिक सभेची सरकारमान्यता मार्च १८९७ मध्ये गेली. भारताच्या खर्चाविषयी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेलेल्या गोखल्यांनी तेथे सोजिरांच्या अत्याचारांचा उच्चार केला. पुरावा न मिळाल्याने परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. टीकाकार किती अडचणीत होते, हे यावरून दिसते.

रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडण्यात आल्यावर चर्चेची जागा खटल्यांनी घेतली. नातू बंधूंना चौकशीविना अटकेत ठेवण्यात आले; टिळकांना १४ सप्टेंबर रोजी राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, हा न्या. स्ट्रेची यांनी लावलेला अर्थ त्या काळीही अनेकांना चमत्कारिक वाटला. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले.

संस्थानी कारभारावर लिहिणे किती धोक्याचे असते, हे टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात १०१ दिवसांचा तुरुंगवास भोगून अनुभवले होते. पुढे १९०८ मध्ये कोल्हापुरातून निघणाऱ्या विश्ववृत्त मासिकातील लेखाबद्दल संपादक वि. गो. विजापूरकर यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

सव्वाशे वर्षांनी कोव्हिड-१९ च्या साथीत महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. टाळेबंदी सुरू होताच इचलकरंजीचे यंत्रमाग थांबले आणि हंगाम संपत आलेल्या साखर कारखान्यांच्या परिसरात बीड व अन्य जिल्ह्यांतील ऊसतोडणी कामगार अडकून पडले. वैद्यकीय तपासणी करून त्यांना स्वगृही पाठविण्यास शासनाने एप्रिलच्या मध्यास परवानगी दिली. त्याच महिन्यात निघालेल्या केंद्रीय वटहुकुमाने या जुन्या कायद्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षेची तरतूद घालण्यात आली. चौथे कलम मात्र तसेच राहिले.