सात आणि बारा : शेतीच्या सरकारी पैशाचा इतिहास

वेरूळला व्याख्यान म्हटलं की लोक कैलास लेण्याची वाट बघतात. मी मात्र एका ताम्रपटापासून सुरुवात करतो. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा वेरूळचा ताम्रपट, इ.स. ७४२ च्या सुमाराचा. त्यात राजा नवसारीच्या ब्राह्मणांना एक गाव दान देतो. अशा दानपत्रांत घेणाऱ्यांची गोत्रंसुद्धा सापडतात. नांगर धरणाऱ्यांची नावं सहसा नाहीत. राज्य शेतीवर पैसा सोडतं तेव्हा कागदावर नाव कोणाचं चढतं, एवढंच आज बघायचं.

पुढे याच वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे आली. मालोजीराजांचे नातू शिवाजी महाराज. त्यांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठवलेलं पत्र जरूर वाचा. गावोगाव फिरा, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाही, दाणे नाहीत, त्याला द्या आणि व्याज न घेता मुद्दल हळूहळू वसूल करा, असा त्याचा आशय. इथे पात्रता कशावर ठरते? कसण्याच्या ताकदीवर. इंग्रजी मुलखात १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी आलेली तगाईसुद्धा विहीर, बांध, बी, बैल यांसाठीच होती. परत फेडायची, व्याजासकट. म्हणजे पैशाचं नातं कामाशी होतं.

आता २०१९. पीएम किसान : वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते, थेट खात्यात. आधी दोन हेक्टरची अट होती, ती काही महिन्यांतच गेली. २०२३ पासून राज्याचे आणखी ६,०००. (दरमहा दहा हजारांवर पेन्शन घेणारे सहसा अपात्र, त्यामुळे माझ्यासारख्या प्राध्यापकाने आशा धरू नये!) पण मुख्य अट काय? जमीन नावावर हवी, तीही १ फेब्रुवारी २०१९ च्या नोंदीप्रमाणे. त्यानंतर वारसाने आली तर गोष्ट वेगळी.

आपण सातबारा एका दमात म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. सात म्हणजे हक्क, बारा म्हणजे पीक. जुन्या बारामध्ये जमीन प्रत्यक्ष कोण करतो, याचाही रकाना होता. हप्ता जातो तो सातवर.

मग बटईवाल्याचं काय? तो कागदावर नाहीच, आणि याला इतिहास आहे. हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळकायदा आला, त्यात कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. मालकांनी धसका घेतला : नाव लागलं की कूळ लागलं! तेव्हापासून बटई तोंडी. ज्या कायद्याने कसणाऱ्याला हक्क द्यायचा, त्याच्याच भीतीने त्याचं नाव पुसलं गेलं. मला हा आपल्या शेतीधोरणातला सगळ्यात क्रूर विनोद वाटतो. बी-खताचा खर्च त्याचा, पाऊस चुकला तर फटकाही त्याला, आणि दोन हजार मात्र शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. बायकांचं तेच. निंदणी, वेचणी त्यांच्या हातची, सातवर नाव नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं.

यादी करणं अवघड, असं अधिकारी म्हणतील. अवघड आहेच. तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी पैसे द्यायला सुरुवात केली, तेही मालकालाच. पण त्याच वर्षाच्या शेवटी ओडिशाने 'कालिया' मंजूर केली आणि भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही त्यात साडेबारा हजार रुपयांची तरतूद ठेवली.